एका कापसाच्या वहीभोवती चार विषय: नव्या रचनेतील बी.ए.च्या पहिल्या दोन वर्षांचा अनुभव

बारावीचा निकाल २५ मे २०२३ रोजी लागला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी बाबांबरोबर काटोलहून नागपूरला प्रवेशासाठी आले, तेव्हा मला एवढेच ठाऊक होते की इतिहास घेऊन बी.ए. करायचे आहे. खिडकीवर मिळालेल्या अर्जात मात्र इतिहासाला एकच ओळ होती आणि बाकीची पाने मी कधी न ऐकलेल्या नावांच्या रकान्यांनी भरलेली होती. नव्या शैक्षणिक धोरणाची रचना महाराष्ट्रातील स्वायत्त महाविद्यालयांनी २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांनी त्याच्या पुढच्या वर्षापासून लागू केली. माझे महाविद्यालय स्वायत्त असल्यामुळे आमची तुकडी पहिलीच होती आणि विचारायला कोणी सीनियर नव्हते. आता चार सत्रे पूर्ण झाली आहेत. या काळात निरनिराळ्या विषयांचे तास एकमेकांत कसे गुंतले, कुठे नुसतेच एकावर एक चढले आणि त्यापायी किती खिडक्यांवर उभे राहावे लागले, ते क्रमाने लिहून ठेवते आहे. यंदा जूनमध्ये जी मुले तोच अर्ज हातात घेऊन उभी असतील, त्यांना निदान एकटे वाटू नये.

आधी त्या रकान्यांविषयी. मेजर म्हणजे मुख्य विषय, जो तीनही वर्षे राहतो. मायनर म्हणजे दुय्यम विषय, जो आमच्याकडे दुसऱ्या सत्रापासून सुरू झाला. ओपन इलेक्टिव्ह स्वतःच्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यावा लागतो, म्हणजे कला शाखेच्या मुलीने विज्ञान किंवा वाणिज्य शाखेतला. याशिवाय मुख्य विषयाशी जोडलेला एक व्यावसायिक कौशल्याचा अभ्यासक्रम, एक भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली आणि एनएसएससारखा एखादा सहशालेय उपक्रम असतो. प्रत्येकाला श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, असतात. वर्गातील १५ तासांना एक श्रेयांक आणि प्रात्यक्षिक किंवा क्षेत्रीय कामाच्या ३० तासांना एक, असा हिशेब आहे. एका सत्राचे २० ते २२ आणि तीन वर्षांच्या पदवीचे १२० ते १३२ श्रेयांक होतात. हे सगळे मला त्या दिवशी कोणी सांगितले नाही. बाबा एसटीत कंडक्टर आहेत आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले होते. त्यांनी खिडकीतल्या बाबूंना विचारले, तेव्हा बाबूंनी भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवले. त्या तक्त्याचा मोबाईलवर फोटो काढून आम्ही बाहेर चहाच्या टपरीवर बसून तो वाचला.

अर्जासोबत श्रेयांक बँकेचा, म्हणजे मिळवलेले श्रेयांक जिथे जमा होतात त्या ऑनलाइन खात्याचा, क्रमांक (एबीसी आयडी) हवा होता. तो तेव्हा डिजिलॉकरवर पाच मिनिटांत निघाला, पण आधारवरचे नाव आणि बारावीच्या गुणपत्रिकेवरचे नाव अक्षरशः सारखे आहे का, हे त्याआधी पाहून घ्यावे. माझ्या आधारवर वडिलांच्या नावात एक अक्षर जास्त होते. त्या वेळी कोणी हरकत घेतली नाही म्हणून मी ते तसेच राहू दिले. त्याची किंमत कशी मोजावी लागली, ते पुढे येईलच. पहिल्या वर्षाची फी भरून आणि झेरॉक्स, फोटो, बसभाडे धरून त्या दिवसाचा खर्च सहा हजारांच्या थोडा आत राहिला.

ओपन इलेक्टिव्ह मी विचार करून निवडले, असे म्हणता येणार नाही. दोन घ्यायचे होते. संगणकाच्या जागा भरल्या होत्या आणि पोषणशास्त्राचा तास मराठीच्या तासावर येत होता. म्हणून भूगर्भशास्त्राची ओळख आणि प्राथमिक पुस्तपालन, असे दोन उरलेले विषय माझ्या वाट्याला आले. इतिहासाच्या मुलीला दगड आणि जमाखर्च कशाला, असा प्रश्न मावशीने विचारला आणि मला उत्तर देता आले नाही. मी नागपूरच्या महाल भागात मावशीकडे राहते.

पहिले उत्तर १५ ऑगस्टला मिळाले. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे आणि २६ जानेवारी, १ मे व १५ ऑगस्ट या तीन दिवशीच तो लोकांना पाहता येतो. त्याच आठवड्यात इतिहासाच्या तासाला नोव्हेंबर १८१७ ची सीताबर्डीची लढाई झाली होती. आप्पासाहेब भोसल्यांचे सैन्य, इंग्रजांची तुकडी आणि एक मोठी, एक लहान अशा दोन टेकड्या फळ्यावर काढून दाखवल्या गेल्या होत्या. भूगर्भशास्त्राच्या सरांनी आम्हाला सांगितले होते की जाणार असाल तर टेकडीचा दगड नीट पाहा. तो बेसॉल्ट आहे, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. या लाव्हाचे थर नागपूरच्या पश्चिमेला सर्वत्र पसरलेले आहेत आणि नागपूरच्या आसपास ते संपत येतात. पूर्वेकडे त्याहून कितीतरी जुने, वेगळ्या जातीचे खडक वर येतात. बेसॉल्ट झिजून काळी माती होते आणि काळी माती कापसाची. म्हणून काटोल, वर्धा, हिंगणघाटकडे कापूस आणि भंडारा, गोंदियाकडे धान. मी काटोलची आहे आणि धापेवाड्यापासून हिंगणघाटपर्यंत नातेवाईक आहेत. भंडाऱ्याकडच्या पाहुण्यांकडे दोन्ही वेळा भात का असतो आणि आमच्याकडे भाकरी का, हे मी लहानपणापासून पाहत आले होते, पण त्याच्या खाली खडकाची एक सीमारेषा आहे, हे किल्ल्याच्या पायरीवर उभी असताना मला पहिल्यांदा कळले. लढाई ज्या टेकडीसाठी झाली ती टेकडी तिथे का आहे, हा प्रश्न इतिहासाच्या पुस्तकात नव्हता.

नागपूरला ज्या रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांच्या नावाने महाविद्यालय आहे, त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात इथल्या खडकांचा आणि जीवाश्मांचा अभ्यास केला, गोंड समाजाविषयी नोंदी केल्या आणि शाळाही चालवली. १८६३ मध्ये टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना ओढ्यात बुडून त्यांचा मृत्यू झाला. भूगर्भशास्त्राच्या सरांनी त्यांचे नाव घेतले, दोन आठवड्यांनी इतिहासाच्या मॅडमनीही घेतले, आणि हा एकच माणूस आहे, हे माझ्या वर्गातल्या बऱ्याच जणांच्या लक्षात आले नाही. त्या दिवसापासून मी प्रत्येक विषयाची वेगळी वही ठेवण्याचे बंद केले. दोनशे पानी एकच रजिस्टर घेतले, उजव्या पानावर तासाची टिपणे आणि डावे पान कोरे. दुसऱ्या विषयात तीच गोष्ट आली की डाव्या पानावर तिची तारीख टाकायची. साठ रुपयांच्या त्या रजिस्टरने पुढे मला सर्वांत जास्त मदत केली.

सगळेच एकमेकांवर येणे असे फलदायी नव्हते. प्रदूषणाचे प्रकार आणि त्यावरील उपाय हे प्रकरण पहिल्या वर्षात मी तीन वेळा शिकले. मूल्यशिक्षणात, भूगर्भशास्त्राच्या शेवटच्या घटकात आणि भाषेच्या अभ्यासक्रमातील निबंधात. तिन्ही ठिकाणी जवळपास तीच वाक्ये होती आणि तिन्ही ठिकाणी त्यावर प्रश्न आला. वेगवेगळ्या मंडळांनी स्वतंत्रपणे अभ्यासक्रम केले की असे होणारच, हे मला समजते, तरीही ज्या मुलीला दोन श्रेयांकांसाठी तीस तास द्यायचे आहेत, तिचे तास असे वाया जाणे बरोबर नाही. याची खरी तुलना मला १८५४ च्या प्रकरणाशी करावीशी वाटते. तिसरे रघुजी भोसले १८५३ मध्ये वारले, त्यांना पुत्र नव्हता, राजघराण्यातील बांकाबाईंच्या विरोधाला न जुमानता डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले, हे मी इतिहासात शिकले. दत्तकाचा अधिकार आणि सार्वभौमत्व कोणाचे, या प्रश्नाखाली तेच प्रकरण मैत्रिणीच्या राज्यशास्त्राच्या तासाला होते आणि मी तिथे तिच्याबरोबर जाऊन बसले. आणि दुसऱ्या सत्रात अर्थशास्त्राच्या सरांनी सांगितले की विलीनीकरणाच्या आपल्या टिपणात डलहौसीने इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा मुद्दाही मांडला होता. तिन्ही तासांत घटना एकच होती, पण प्रत्येक तासाला तिला विचारलेला प्रश्न वेगळा होता. प्रदूषणाच्या प्रकरणाला तिन्ही ठिकाणी एकच प्रश्न विचारला गेला होता.

मायनरची निवड जानेवारी २०२४ मध्ये झाली. त्यासाठी आठ दिवसांची मुदत होती आणि एकदा भरलेला विषय बदलायचा असेल तर विभागप्रमुखांची दोन पत्रे लागत, सोडणाऱ्या विभागाचे ना-हरकत आणि घेणाऱ्या विभागाचे संमतिपत्र. मी आधी समाजशास्त्र भरले होते. १५ ऑगस्टपासून कापूस डोक्यात होता, म्हणून तो बदलून अर्थशास्त्र घ्यायचे ठरवले. समाजशास्त्राच्या मॅडम रजेवर होत्या, पाचव्या दिवशी आल्या, सही मिळाली. अर्थशास्त्राच्या सरांनी विचारले की गणित दहावीनंतर सोडले आहे का. हो म्हटल्यावर त्यांनी अट घातली नाही, पण ओपन इलेक्टिव्ह म्हणून सांख्यिकी घेण्याचा सल्ला दिला. मुदतीच्या शेवटच्या दिवशी दुपारी साडेतीनला अर्ज जमा झाला. ज्यांना मायनर बदलायचा असेल त्यांनी पहिल्याच दिवशी दोन्ही पत्रांचे नमुने टाइप करून बरोबर ठेवावेत, कारण सह्या मिळायला वेळ लागतो तो पत्र लिहिण्यात नव्हे, माणसे सापडण्यात.

सांख्यिकीचा वर्ग मला जड गेला. निर्देशांक, आधारवर्ष आणि चल सरासरी हे तीन धडे समजायला मार्च उजाडला. पण त्याच वेळी अर्थशास्त्रात मागणीची लवचीकता चालू होती आणि व्यावसायिक कौशल्याच्या अभ्यासक्रमात मोडी लिपी. दुसरे सत्र संपता संपता मला साधे मोडी पत्र हळूहळू वाचता येऊ लागले.

तिसऱ्या सत्रात, जुलै २०२४ मध्ये, क्षेत्रीय प्रकल्प आला. दोन श्रेयांक, म्हणजे साठ तासांचे काम आणि पंचवीस पानांचा अहवाल. वर्गातील एका मैत्रिणीचे घराणे नागपूरच्या इतवारी बाजारपेठेत पिढ्यानपिढ्या अडतीचा व्यवसाय करत होते. तिच्या आजींनी एका लाकडी पेटीत लाल कापडात बांधलेल्या जुन्या वह्या जपून ठेवल्या होत्या. त्यांतली एक कापसाच्या व्यवहाराची होती आणि तिची अकरा पाने वाचता येण्याच्या अवस्थेत होती. मी विषय मांडला, अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, इतवारीतील एका दुकानातील रुईचा भाव. युद्धामुळे अमेरिकेचा कापूस इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या गिरण्यांना पोहोचेना, हिंदुस्थानच्या कापसाची मागणी आणि भाव वाढले, आणि युद्ध संपताच ते कोसळले, एवढे पाठ्यपुस्तकात होतेच. आगगाडी नागपूरला १८६७ मध्ये आली, म्हणजे या काळात इथला माल बैलगाड्यांनीच पश्चिमेकडे जात होता. मला हे सगळे एका दुकानाच्या पानावर पाहायचे होते.

पहिली अडचण अर्जाची. प्रकल्प मुख्य विषयाचा असतो, त्यामुळे मार्गदर्शकाच्या नावासाठी एकच ओळ होती आणि ती इतिहास विभागाची. माझ्या कामाला मोडी वाचणारे, भावांचा तक्ता तपासणारे आणि जमाखर्च समजावणारे अशी तीन माणसे लागणार होती. सहमार्गदर्शक म्हणून अर्थशास्त्राच्या सरांचे नाव घातलेला अर्ज दोनदा परत आला. एकाच अहवालावर दोन विषयांचे श्रेयांक मिळणार नाहीत, हे मला मान्य होते आणि मी ते मागतही नव्हते, पण मदत करणाऱ्याचे नाव कागदावर असावे असे मला मनापासून वाटत होते. शेवटी आमच्या मॅडमनी मार्ग काढला. अर्जावर एकट्या त्यांचे नाव आणि अहवालाच्या सुरुवातीला एक स्वतंत्र पान, ज्यावर कोणता भाग कोणत्या विषयाच्या कोणत्या शिक्षकांकडून तपासून घेतला, हे तारखांसह नोंदवायचे. मंजुरी २१ ऑगस्टला मिळाली.

पेटी उघडण्यासाठी मी ३ सप्टेंबरचा दिवस ठरवला आणि तो मंगळवार तान्ह्या पोळ्याचा आहे, हे विसरले. महालात राहूनही विसरले, याचे मला अजून वाईट वाटते. मिरवणुकीतले काळ्या आणि पिवळ्या मारबतीचे व बडग्यांचे पुतळे, ढोल आणि गर्दी यांनी इतवारीचे सगळे रस्ते भरून गेले होते. आजींनी फोनवर सांगितले, "आज येऊ नको माय, उद्या ये, निवांत बस." दुसऱ्या दिवशी गेले आणि संध्याकाळपर्यंत बसले.

ते पहिले पान मला अजून तसेच्या तसे दिसते. कागद पिवळट, जाडसर, हाताने केलेला, कडांना वाळवीने खाल्लेली नक्षी. मोडीत लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ ओढतो आणि तिला अक्षरे लटकवत जातो, शब्दांमध्ये जागा सोडत नाही, हात शक्यतो उचलत नाही. वेलांटी एकच, उकार एकच. अशा ओळींच्या डाव्या बाजूला जमा, म्हणजे आलेली रक्कम, आणि उजव्या बाजूला नावे, म्हणजे दिलेली. पुस्तपालनाच्या वर्गात डेबिट-क्रेडिट शिकताना मला कोणती बाजू कोणती हे नेहमी चुकायचे. इथे मात्र गाडीवाल्याला दिलेले भाडे, तोलाईची मजुरी, मालकाच्या नावे पडलेली रक्कम अशी प्रत्येक ओळीमागे माणसे दिसत होती आणि बाजू आपोआप कळत होती. रक्कम रुपये, आणे आणि पै अशी होती, चार आण्यांसाठी उभी रेघ आणि सुट्या आण्यांसाठी बारीक आडव्या रेघा. आजींची एकच अट होती, वही घराबाहेर जायची नाही. मी अकरा पानांचे खिडकीच्या उजेडात फोटो काढले, फ्लॅश न वापरता, प्रत्येक पानाशेजारी पट्टी ठेवून. पट्टी ठेवण्याची सवय भूगर्भशास्त्राच्या सरांची, खडकाच्या फोटोत मापासाठी काहीतरी ठेवा, असे ते सांगत असत.

वाचन पूर्ण व्हायला पाच आठवडे लागले. त्यात मोजमापांनी सर्वांत जास्त वेळ घेतला. मण म्हणजे किती, याला एक उत्तर नाही. मुंबईचा मण २८ पौंडांचा, बंगाली मण ८२ पौंडांहून थोडा अधिक. मुंबईची साधी खंडी २० मणांची, पण कापसाची खंडी २८ मणांची, म्हणजे ७८४ पौंडांची. रुईच्या बाजारात आजही भाव खंडीवरच सांगतात आणि ती खंडी ३५६ किलोची असते, म्हणजे तेच ७८४ पौंड. वहीत कोणती खंडी धरायची हे तोलाईच्या नोंदींचा गुणाकार-भागाकार करून ठरवावे लागले आणि तो तक्ता सांख्यिकीच्या मॅडमनी दोनदा तपासला. दुसरी चूक दिवाळीत मामांनी पकडली. मामा हिंगणघाटला जिनिंगमध्ये काम करतात. माझ्या तक्त्याचे शीर्षक पाहून ते म्हणाले, "काऊन वं, रुई आन् कापूस एकच समजली का तू?" सरकीसकट असतो तो कापूस, सरकी काढल्यावर उरते ती रुई, आणि शंभर किलो कापसातून रुई साधारण तेहेतीस-चौतीस किलोच निघते. मी वहीतील काही नोंदी कापसाच्या आणि काही रुईच्या असताना सगळ्या एकाच रकान्यात लिहिल्या होत्या. अर्धा तक्ता नव्याने करावा लागला. अहवालाच्या त्या स्वतंत्र पानावर मी मामांचेही नाव, तारखेसह, घातले.

सर्वांत मोठी चूक त्यानंतर उघडी पडली आणि ती मी सविस्तर सांगते, कारण तिच्यातच हे सगळे विषय एकत्र आले. वहीत तिथ्या शके पद्धतीने होत्या. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हे शाळेत पाठ केलेले असल्यामुळे मी सगळ्या नोंदींना ७८ मिळवून आलेख काढला. भाव वर चढत होते, पण १८६४ च्या सुरुवातीला एक खोल खड्डा दिसत होता आणि त्यानंतर ते पुन्हा वर जात होते. अर्थशास्त्राच्या सरांनी आलेख पाहून विचारले की युद्ध तेव्हा जोरात चालू होते, मग इथे मागणी का पडली. मी साठा, पाऊस, वाहतूक अशी कारणे शोधत आठवडाभर गॅझेटियर चाळत बसले. सांख्यिकीच्या मॅडमनी कारण न शोधता मूळ पानांचा क्रम विचारला. तेव्हा दिसले की खड्ड्यातील नोंदी वहीत पुढच्या पानांवर आहेत आणि आलेखात मात्र त्या मागे गेल्या आहेत. वही लिहिणारा काळात मागे जाऊ शकत नाही, तेव्हा चूक माझीच होती.

उलगडा भारतीय ज्ञान प्रणालीच्या पहिल्या वर्षातील टिपणांत झाला. त्या तासांना मी फार मन लावले नव्हते, पण रजिस्टरच्या एका पानावर कालगणनेची आकृती होती. शक चैत्र पाडव्याला बदलतो आणि इसवी सन १ जानेवारीला. त्यामुळे जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या तिथ्यांना ७८ नव्हे, ७९ मिळवावे लागतात. शके १७८६ चे माघ आणि फाल्गुन १८६४ मध्ये नव्हे, १८६५ मध्ये पडतात. त्या नोंदी एक वर्ष पुढे सरकवल्या आणि खड्डा नाहीसा झाला. भाव १८६४ अखेरपर्यंत चढते होते आणि १८६५ च्या सुरुवातीला उतरू लागले, एप्रिलमध्ये युद्ध संपुष्टात येण्याच्या थोडे आधी. अर्थशास्त्राच्या सरांनी पुढचा तास त्यावरच घेतला. व्यापारी युद्ध संपण्याची वाट पाहत नाहीत, ते संपेल असे वाटू लागले की भाव बदलतो, आणि अपेक्षा हा शब्द त्यांनी फळ्यावर लिहिला. मी तो शब्द दुसऱ्या सत्रापासून ऐकत होते. त्या दिवशी त्याच्याखाली माझ्याकडे एका दुकानाचे पान होते. सांख्यिकीच्या मॅडमनी मात्र लगेच बजावले की अकरा पानांवरून नागपूरचा भाव सांगता येत नाही, एका दुकानाचा सांगता येतो. अहवालाच्या शीर्षकात "एका दुकानातील" हे शब्द त्यामुळे ठळक अक्षरांत आहेत.

पडताळणीसाठी सरकारी कागद हवे होते. महाराष्ट्र शासनाच्या पुराभिलेख संचालनालयाचे नागपूरला कार्यालय आहे. प्राचार्यांच्या सहीचे पत्र, महाविद्यालयाचे ओळखपत्र आणि आधारची प्रत घेऊन जावे. पेनाऐवजी शिसपेन्सिल बरोबर ठेवावी आणि काय पाहायचे आहे ते वर्षांसह लिहून न्यावे, म्हणजे कर्मचाऱ्यांना फाइल शोधणे सोपे जाते. मी तीन वेळा गेले. डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन असले की सिव्हिल लाइन्सचे रस्ते बंद असतात, म्हणून हे काम नोव्हेंबरात उरकून घेतलेले बरे. मेट्रो, झेरॉक्स, छपाई आणि बांधणी मिळून या प्रकल्पावर माझे एकूण ९४० रुपये खर्च झाले, त्यांतले सर्वाधिक छपाई आणि बांधणीवर.

अहवाल जमा करण्यापूर्वी मजकुराची साम्य-तपासणी होते. माझा अहवाल ३१ टक्के साम्य दाखवून परत आला. मी कोणाचे काही उचलले नव्हते. दुसऱ्या सत्रात अर्थशास्त्राच्या स्वाध्यायात कापसाच्या मागणीवर मी लिहिलेली चार पाने अहवालात तशीच घेतली होती आणि ती आधीच महाविद्यालयाच्या संगणकावर जमा होती. स्वतःचाच मजकूर दोन ठिकाणी गुणांसाठी चालत नाही, हा नियम मला माहीत नव्हता. त्या दिवशी मला फार अपमानित वाटले आणि मावशीजवळ मी रडले. पण इतिहासाच्या मॅडमनी शांतपणे समजावले की विचार दुसऱ्या विषयातून आणायचा, परिच्छेद आणायचा नाही, आणि आणला तर मागच्या स्वाध्यायाचा तारखेसह उल्लेख करायचा. चार पानांची दीड पाने केली, तीही नव्याने लिहिली. साम्य ८ टक्क्यांवर आले. तोंडी परीक्षा १२ डिसेंबरला झाली, वीस मिनिटे, आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिला प्रश्न रुई आणि कापसाच्या फरकावरच विचारला.

निकाल फेब्रुवारी २०२५ मध्ये लागला. गुणपत्रिकेवर प्रकल्प उत्तीर्ण होता, पण डिजिलॉकरवरील श्रेयांक बँकेत त्या सत्राचे २२ ऐवजी २० च दिसत होते. हे मला एका मैत्रिणीने पाहायला सांगितले म्हणून कळले, अन्यथा तिसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत कळले नसते. प्रत्येकाने प्रत्येक सत्रानंतर ते उघडून पाहावे. परीक्षा विभागात अर्ज, १५० रुपये शुल्क, गुणपत्रिकेची आणि मंजुरीपत्राची प्रत. पहिल्यांदा तीन आठवडे काही झाले नाही. दुसऱ्यांदा गेले तेव्हा समजले की प्रकल्पाची नोंद वेगळ्या यादीतून गेली होती आणि त्या यादीत नाव आधारप्रमाणे हवे होते. वडिलांच्या नावातील ते एक जास्तीचे अक्षर इथे आडवे आले. आधार दुरुस्तीसाठी काटोलला एक दिवस, पन्नास रुपये, दुरुस्ती व्हायला बारा दिवस, मग पुन्हा अर्ज. एप्रिलच्या उन्हात त्या खिडकीवर मी एकूण पाच वेळा गेले. खिडकीतल्या बाबूंनी एकदाही त्रासिक उत्तर दिले नाही, हे सांगितले पाहिजे. त्यांच्यासमोरही पहिलीच तुकडी होती. शेवटच्या खेपेला त्यांनी माझा अर्ज स्वतः वरच्या मजल्यावर नेला. १९ मे रोजी सकाळी डिजिलॉकर उघडले तेव्हा २२ हा आकडा दिसत होता. मी त्याची छापील प्रत काढून बाबांना दाखवली आणि त्यांनी ती घडी घालून डायरीत ठेवली.

पाचव्या सत्राचा अर्ज आता समोर आहे. श्रेयांक पूर्ण दिसले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी इतवारीला जाऊन आजींना अहवालाची बांधलेली प्रत दिली. त्यांना बारीक अक्षर वाचवत नाही, म्हणून मी तोलाईचे पान मोठ्याने वाचून दाखवले, शके १७८६, फाल्गुन, गाड्या तीन. गाडीवाल्याचे नाव आले तिथे त्यांनी मला थांबवले आणि ते पुन्हा वाचायला सांगितले. त्या आडनावाचे लोक अजून मागच्या गल्लीत राहतात, असे त्या म्हणाल्या आणि नातीला त्यांच्याकडे पाठवून दिले.